मेनू वाचणारी आज्ञावली

संगणकाचा पडदा ज्यास दिसत नाही, त्या विद्यार्थ्याने ‘फाइल’ या मेनूखाली काय दडले आहे हे कसे जाणावे? मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर लिहावयास घेतला तो याच अडचणीपोटी. तो विनामूल्य आहे. गारगोटीच्या मुलासही तो उतरवून घेता येतो, आणि ई-स्पीकच्या आवाजात मराठीही वाचतो.

एक आज्ञावली दुसरीचा मेनू जाणते ती चित्र पाहून नव्हे, तर विंडोजला विचारून. जुनी वाट अशी : ‘गेटमेनू’ने खिडकीचा मेनू गाठावा, कलमे मोजावीत आणि ‘गेटमेनूस्ट्रिंग’ने एकेकाचा मजकूर मागावा. मजकुरात ‘&’ या चिन्हापुढील अक्षर ही मेनूतली निवडीची कळ; टॅबनंतर येणारे ‘कंट्रोल+एस’ हा शॉर्टकट. परंतु ही केवळ पाटी होय. प्रत्यक्षात कोणती कळ चालेल हे वेगळ्या ॲक्सिलरेटर तक्त्यात ठरते. तक्ता बदलून पाटी तशीच राहिली, तर स्क्रीनरीडर प्रामाणिकपणे चुकीचे वाचतो. डोळस माणूस माऊसने वेळ निभावून नेतो. अंध मुलगा मात्र कळ दाबून थांबून राहतो.

अनेक नवे प्रोग्राम आपला मेनू स्वतःच रंगवितात; तेथे ‘गेटमेनू’च्या हाती काही लागत नाही. मग ‘यूआय ऑटोमेशन’कडून प्रत्येक घटकाचे नाव, ॲक्सिलरेटर की व ॲक्सेस की विचारावी लागते. हे रकाने भरणे मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असते. त्याने ते कोरे ठेवले, तर कानी पडते ते एवढेच : ‘बटण’.