जुन्या पिकअपचा धूर ओळखा
दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली डिझेल पिकअप घेताय? मग इंजिन पूर्ण थंड असतानाच, सकाळी, स्वतः स्टार्टर मारा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच लपवते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा, तो स्वस्तात बदलतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. अशी गाडी दामटू नका; हेड वाकलं की खर्च कितीतरी वाढतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कृपा करून उघडू नका, वाफेने माणूस भाजतो. मागचे पाटेही बघा, ओव्हरलोडने तडकतात.