कोलोनचें महामंदिर

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या तीरीं कोलोन नांवाचें प्राचीन शहर आहे. तेथील महामंदिराचे जोडमनोरे सुमारें १५७ मीटर उंच आहेत. इतकें उंच दगडी काम उभें कसें राहिलें व तें पुरें होण्यास ६३२ वर्षें कां लागलीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १२४८ च्या ऑगस्ट महिन्यांत या मंदिराचा पाया घालण्यांत आला. गेरहार्ड हा त्याचा पहिला मुख्य शिल्पी. त्यानें गॉथिक पद्धति स्वीकारली. अर्धगोल कमान भिंतींना बाहेर फार रेटते. म्हणून जुन्या मंदिरांच्या भिंती जाड व खिडक्या लहान असत. गॉथिक शिल्प्यांनीं कमान टोकदार केली. तेणेंकरून बाजूचा रेटा कमी झाला. छताचा भार दगडी फासळ्यांवरून खांबांवर येतो, व उरलेला रेटा भिंतीबाहेरील टेकूच्या कमानी झेलतात. खेड्यांत कललेल्या भिंतीस बाहेरून वासा लावितात, तोच हा न्याय. भिंतीवरील भार असा उतरल्यामुळें तिच्या जागीं रंगीत कांचेच्या प्रचंड खिडक्या बसवितां आल्या.

पूर्वेकडील भाग १३२२ त पवित्र करण्यांत आला. पुढें द्रव्य आटलें, उत्साह ओसरला, आणि सुमारें १५६० त काम थांबलें. अपुऱ्या दक्षिण मनोऱ्यावर दगड चढविण्याची लांकडी यारी मात्र तीनशें वर्षें तशीच उभी होती. दर्शनी भागाचा जुना चर्मपत्रावरील आराखडा दोन तुकड्यांत, १८१४ व १८१६ त, सांपडला. १८४२ त काम पुन्हां सुरू झालें. राजानें व सामान्य जनांनीं वर्गणी दिली, आणि जुन्या आराखड्याबरहुकूम १८८० त मंदिर पुरें झालें. छताचा सांगाडा तेवढा नव्या काळाचा, म्हणजे लोखंडाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धांत सभोंवारचें शहर धुळीस मिळालें. मंदिरावरहि बाँब पडले, कांहीं छतें कोसळलीं. तथापि तें उभें राहिलें. त्याची दुरुस्ती आजहि चालू असून तेथें पाथरवटांची कायमची कर्मशाळा आहे.

गेरहार्डानें हे मनोरे पाहिले नाहींत, त्याच्या नातवांनींहि नाहीं. तरी पूर्वेकडील भागाच्या पायाचे चिरे त्यानें असे बसविले कीं, ते आजहि भार निमूटपणें सोशीत आहेत. आपल्या हातचें काम आपल्या डोळ्यांदेखत पुरें होणार नाहीं, हें ठाऊक असूनहि तें चोख करणारीं माणसें होतीं. हीच या मंदिराची खरी उंची होय, असें आम्हांस वाटतें.