शिर्डीला उतरायचं कुठे?

भाचा तीन दिवसांसाठी जपानातल्या क्योतोला निघाला होता. त्याने मला दोन हॉटेलं दाखवली. एक स्टेशनजवळचं, स्वस्त आणि सोयीचं. दुसरं हिगाशियामा भागात, देवळांच्या टेकडीशी. खोली लहान, भाडं जास्त. मी जपान पाहिलेलं नाही. पण नेमका हाच प्रश्न आमच्या नगर जिल्ह्यात शंभराहून अधिक वर्षं लोकांना पडत आला आहे, आणि त्याचा थोडा इतिहास माझ्या वहीत टिपलेला होता.

एके काळी शिर्डीत परगावच्या माणसाला उतरायला धड जागा नव्हती. कोपरगाव स्टेशनवर उतरायचं, टांगा करायचा, गोदावरी ओलांडून गावात यायचं आणि कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची. १९०८ साली डेप्युटी कलेक्टर हरि विनायक साठे यांनी गुरुस्थानाच्या निंबाला धरून वाडा बांधला आणि येणाऱ्यांची सोय झाली. मुंबईचे सॉलिसिटर काकासाहेब दीक्षित यांनी १० डिसेंबर १९१० रोजी दुसऱ्या वाड्याचा पाया घातला. पुढच्या रामनवमीपर्यंत तो उभा राहिला. माडीवरची एक लहान खोली त्यांनी स्वतःला ठेवली, बाकी जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिली.

या वाड्यांत राहून काय मिळत होतं, हे अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांच्या रोजनिशीत पाहावं. हे टिळकांचे सहकारी, नामांकित वकील. डिसेंबर १९१० मध्ये ते आठवडाभर साठेवाड्यात राहिले आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा येऊन दीक्षितवाड्यात मार्च १९१२ पर्यंत. रोजनिशीत चमत्कार फार थोडे आहेत. पहाटे उठून काकड आरती, मग साईमहाराज बाहेर जाताना दर्शन, परतताना पुन्हा दर्शन, मशिदीत जाऊन बसणं, रात्री भीष्मांचं भजन आणि दीक्षितांचं रामायणवाचन. हेच दिवसामागून दिवस. वाचणारा कंटाळेल इतकं तेच ते! पण जाता-येताचं हे दर्शन खापर्ड्यांना घडत होतं, कारण ते त्या वाटेवरच राहत होते. ते कोपरगावला मुक्काम करून टांग्याने ये-जा करत असते, तर ही रोजनिशी चार ओळींत संपली असती.

अण्णासाहेब दाभोलकरांचंही तसंच. १९१० साली पहिल्यांदा आले त्या दिवशी साठेवाड्यात बाळासाहेब भाट्यांशी त्यांचा वाद रंगला : गुरू हवाच कशाला? मशिदीत गेल्यावर बाबांनी वाड्यातल्या त्याच वादाविषयी विचारलं. हेमाडपंत हे नाव तिथे मिळालं. नागपूरच्या बुटींना वाडा आणि देऊळ बांधण्याचं स्वप्न पडलं, तेही दीक्षितवाड्यात झोपले असताना, असं साईसच्चरित सांगतं. तो बुटीवाडा म्हणजेच आजचं समाधिमंदिर.

आता खोल्यांना तोटा नाही. संस्थानचं द्वारावती आहे, साईआश्रम आहे, मोठं भक्तनिवास आहे. शिवाय नगर-मनमाड रस्त्यावर लॉजची रांग. खोली कशी आहे हे सगळे विचारतात, देवळाच्या दारापर्यंत चालत किती हे फार थोडे. मीही विचारलं नव्हतं. आईला घेऊन गेलो तेव्हा भाडं पाहून हमरस्त्यावरचं एक लॉज घेतलं. काउंटरवरच्या माणसाने देऊळ 'जवळच' असल्याचं सांगितलं. पहाटे तिच्या गुडघ्यांना ते अंतर झेपेना, रिक्षा मिळेना. काकड आरती हुकली. आईने दुपारी दर्शन घेतलं, रांगेत, धक्के खात. त्यानंतर तिचं शिर्डीला जाणं झालं नाही. वाचलेले पैसे किती होते, तेही मला आठवत नाही.

लांब मुक्काम असेल तर उतरायची जागा चुकली तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सावरता येतं. एका रात्रीच्या मुक्कामात ती एक पहाटच काय ती हातात असते. म्हणून तिथली पहिली गोष्ट किती वाजता सुरू होते आणि शेवटची किती वाजता संपते हे आधी पाहावं, आणि त्या दोन्ही वेळा पायी गाठता येतील अशी जागा घ्यावी. शिर्डीत या वेळा म्हणजे काकड आरती आणि शेजारती. बरोबर म्हातारं माणूस असेल तर दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येईल का, हेही विचारावं. तरण्याताठ्याला, किंवा पुढे शनिशिंगणापूर करून निघायचं असेल त्याला, हमरस्त्यावरची खोलीच सोयीची. तिथे देवळाजवळच्या जागेचा हट्ट धरू नये.

क्योतोत कियोमिझु देऊळ सकाळी सहाला उघडतं, असं भाच्याने शोधून सांगितलं. ओसाकाहून सकाळच्या गाडीने येणारी गर्दी त्यानंतर. त्याने हिगाशियामातली लहान खोली घेतली. बॅग मात्र मोठीच नेली, आणि त्या चढाच्या गल्लीतून ती ओढताना मला फोन केला.