अणूंची प्रदक्षिणा

पोट्ट्यांनो, आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र आहे ना? बोइंग ७७७ विमानाच्या पोटात एक डबी असते. बाहेर काळोख असो, ढग असोत, विमान किती वळलं हे ती आतल्याआत सांगते. तिच्यात लेझरचा प्रकाश बंद वाटेवर दोन्ही बाजूंनी फिरतो.

समजा, दोघं एकाच पायरीवरून निघून देवळाला उलटसुलट प्रदक्षिणा घालताहेत आणि तेवढ्यात देऊळच जरासं फिरलं. ती पायरी एकाला लवकर भेटेल, दुसऱ्याला उशिरा. प्रकाशाचंही असंच होतं, हे फ्रान्सच्या साग्नाकने १९१३ साली दाखवलं. उभ्या विमानातली डबीही गप्प नसते बरं का! पृथ्वी तासाला १५ अंश वळते, ते तिला कळतं आणि त्यावरून उत्तर कुठे हे विमान उडण्याआधीच ठरतं.

आता खरी गंमत. अणूसुद्धा लाटेसारखा वागतो. तेवढ्याच घेरात आणि तेवढ्याच वळणाने रुबिडियमच्या अणूची लाट प्रकाशाच्या लाटेपेक्षा सुमारे पाच हजार कोटी पट जास्त सरकते! हा आकडा मला आजही थक्क करतो.

पण अणू महा द्वाड. साध्या खोलीत तो सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास धावतो. मग त्याच्यावर चहूबाजूंनी लेझर सोडतात. लहर अशी नेमकी जुळवतात, की समोरून येणारा प्रकाशच त्याला जास्त अडवतो. नवतप्याच्या उन्हात होरपळणाऱ्या आपल्याला खरं वाटणार नाही, पण प्रकाशाने अणू गार होतो! १९९५ साली अमेरिकेत कॉर्नेल आणि वीमन या शास्त्रज्ञांनी पुढे त्यातले चपळ अणू निसटू दिले आणि उरलेले निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे थंडीच्या शेवटच्या टोकापासून, अंशाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत आणले. हजारो अणूंची एकच लाट झाली. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या गणितावरून आइनस्टाइनने हेच भाकीत केलं होतं.

तरी पंचाईत उरतेच. मोकळे सोडलेले अणू सेकंदात जवळपास पाच मीटर खाली पडतात. एवढी जागा विमानात कुठली? म्हणून वाटही प्रकाशाचीच करतात. अणू जी लहर शोषतो तिच्याहून लांब लहरीचा लेझर घेतला, की अणू किरणाच्या सर्वांत तेजस्वी गाभ्याकडे ओढला जातो आणि तिथेच अधांतरी राहतो. मात्र ही वाट जराही खडबडीत असली की लाट विस्कटते. खरं अवघड काम ते.

आज यासाठी मोठं टेबल, आरसे, पंप लागतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत रुबिडियमच्या अशा गार अणूंवर काम चालतं. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संवेदन-मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. ते टेबल डबीत बसवायचं असेल, तर आधी लाटा ओळखा. उद्या साबणाच्या फुग्यावरचे रंग बघू. तेही दोन लाटा भेटल्यानेच उमटतात.