रोमचा ‘पहिला नागरिक’

रोमन लोकांना ‘राजा’ या शब्दाचा मनस्वी तिटकारा होता. जुलमी राजास हाकलून त्यांनी इ. स. पूर्व ५०९ च्या सुमारास प्रजासत्ताक स्थापन केले, असे त्यांची परंपरा सांगते. पुन्हा कोणी डोईजड होऊ नये म्हणून कारभार दोन कॉन्सलांकडे सोपवीत. मुदत अवघी एक वर्ष, आणि एकाचा निर्णय दुसऱ्यास रोखता येई. संकटकाळी एकालाच सर्वाधिकार देत, पण तेही फार तर सहा महिने. सिनेट ही प्रतिष्ठितांची सभा सर्वांना सल्ला देई.

एवढी तटबंदी असताना प्रजासत्ताक ढासळले कसे? राज्य लहान होते तोवर शेतकरीच नांगर सोडून लढाईस जात व लढाई संपताच शेतावर परतत. पुढे दूरदेशीच्या मोहिमा वर्षानुवर्षे चालू लागल्या आणि सैन्यात भूमिहीन गरिबांची भरती होऊ लागली. या शिपायांना अखेरीस जमिनीची आशा असे ती आपल्या सेनापतीकडून, सिनेटकडून नव्हे. मग त्यांची निष्ठा कोणाकडे वळणार, हे तुम्हीच ताडाल.

इ. स. पूर्व ४९ मध्ये सिनेटने जूलियस सीझरला सैन्य सोडण्याची आज्ञा केली. इटलीच्या सीमेवरील रुबिकॉन ही नदी तशी क्षुल्लक. परंतु सैन्यासह ती ओलांडणे म्हणजे राज्याविरुद्ध बंड. सीझरने ती ओलांडली आणि शिपाई त्याच्या मागोमाग गेले! पुढे तो तहहयात सर्वाधिकारी झाला. तेव्हा ब्रूटस, कॅशियस आदी सिनेटसभासदांनी इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्चला त्याचा वध केला. त्यांना वाटले, प्रजासत्ताक वाचले. परंतु सैन्ये होती तशीच होती. ती नवा धनी शोधू लागली.

सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन त्या वेळी अवघा अठरा वर्षांचा होता. इ. स. पूर्व ३१ मध्ये ॲक्टियमच्या आरमारी लढाईत त्याने अँटनी व क्लिओपात्रा यांचा पाडाव केला. सीझरच्या मरणापासून तो शहाणपण शिकला होता. इ. स. पूर्व २७ मध्ये त्याने आपले अधिकार सिनेटला ‘परत’ केले! सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. ऑगस्ट महिन्याचे नाव तिच्यावरूनच पडले आहे. शिवाय बहुतेक सैन्य ज्या प्रांतांत होते, ते प्रांतही त्याच्याच हवाली केले. त्याने मुकुट घातला नाही. तो स्वतःस केवळ ‘पहिला नागरिक’ म्हणवी. कॉन्सल निवडले जात, सिनेट भरे, भाषणे होत. फौज मात्र त्याची होती.

इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला व त्याचा सावत्र मुलगा टायबीरियस गादीवर आला. प्रजासत्ताकाचे दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे तेव्हा रोममध्ये फारच थोडी उरली होती.