घाटांतील वळणें आणि लाग्रांजचें गणित

आंबेनळी घाटानें पोलादपुराहून महाबळेश्वरास जो एकदां गेला, त्यास तेथील वळणांचें वर्णन ऐकविणें नको. महाडावरून सावित्रीच्या खोऱ्यानें आलेला रस्ता पोलादपूर सोडल्यावर डोंगराच्या अंगानें असा फिरूं लागतो कीं, मागच्या बाकावरील मंडळी लवकरच लिंबू हुंगूं लागतात! या घाटावरून आम्हांस गतिशास्त्रांतील एक गोष्ट सांगावयाची आहे. घरांत गणित घेऊन बी. एस्‌सी. करणारा मुलगा अथवा मुलगी असेल, तर त्यांनीं ती अवश्य वाचावी.

न्यूटनच्या रीतीनें गाडीचें गणित करावयाचें म्हणजे प्रत्येक बल बाणानें दाखवावयाचें. वळण बदललें कीं आकृति बदलली. लाग्रांजचा १७८८ सालचा यामिकीवरील ग्रंथ मात्र आकृतींवांचून लिहिलेला आहे, व प्रस्तावनेंत तो तें अभिमानानें सांगतो. त्याचें म्हणणें आमच्या भाषेंत असें: गाडी रस्ता सोडीत नाहीं, तर तिचें ठिकाण सांगण्यास तीन अंक कशाला? कडेच्या दगडावरचा एक आंकडा पुरे. त्या आंकड्यांत गतिज ऊर्जा लिहावी, तींतून स्थितिज ऊर्जा वजा करावी आणि विकलनाचा ठराविक नियम लावावा. उत्तर येतें तें एवढेंच कीं, घर्षण नसेल तर गाडीचा वेग कसा वाढेल हें केवळ उतारावर अवलंबून आहे. वीस मीटरांत एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर थांबलेली गाडी मोकळी सोडली, तर किलोमीटरभरांत तिचा वेग ताशीं सुमारें ११३ किलोमीटर होईल. मग रस्ता सरळ असो वा नागमोडी.

मग वळणें गेलीं कोठें? रस्ता गाडीस बाजूनें जो रेटा देतो, तो तिच्या गतीशीं काटकोनांत असतो. त्यानें कार्य घडत नाहीं, म्हणून ऊर्जेच्या हिशेबांत तो येतच नाहीं. विद्यार्थी येथें खूष होतो आणि पान उलटतो.

परंतु २८ जुलै २०१८ रोजीं याच घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळींची बस दरींत कोसळून सुमारें तीस माणसें दगावलीं. त्या अपघाताची मीमांसा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण गाडी रस्ता सोडीत नाहीं, हें वाक्य त्यानंतर आम्हांस सहज लिहवत नाहीं.

लाग्रांजनें वगळलेला रेटा परत मिळविण्याची युक्तिही त्यानेंच दिली आहे. गाडीस मोकळी समजून अधिक अंक घ्यावयाचे, रस्त्याची अट निराळी मांडावयाची आणि तीस एक अज्ञात गुणक लावून ती गणितांत मिळवावयाची. त्या गुणकाचें मूल्य निघालें कीं रेटा कळला. वीस मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशीं ३६ किलोमीटर वेगास तो गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक येतो. वेग १८ वर आणला तर अवघा अष्टमांश उरतो. हा सारा रेटा चाकांच्या पकडींतून यावयाचा, आणि घाटांत पाऊस तर धो धो! गुणकांचें हें प्रकरण परीक्षेच्या घाईंत उरकण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

यंदा सुटींत त्या वाटेनें जाणें झालेंच, तर एखाद्या वळणाची त्रिज्या अजमासानें धरून हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. गाडी हांकणाऱ्यास मात्र त्यांत ओढूं नये.