शतावरी लावताय? आधी वाळल्या मुळीचा हिशोब करा

शतावरीची रोपं विकणारे वजन सांगतात ओल्या मुळीचं आणि भाव सांगतात वाळलेल्या मुळीचा. मग एकरी गुणाकार लाखांत जाणारच! एक क्विंटल ओली मुळी उकडून, सोलून, वाळवली की हातात जेमतेम १०-१५ किलो उरते. खणणी-सोलणीची मजुरी वेगळी. शिवाय पीक दीड-दोन वर्षं रान अडवतं. तेवढ्यात सोयाबीन-हरभरा दोनदा निघतो.

‘माल आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्याकडून भाव, ओली की वाळलेली, गाडीभाडं कोणाचं, हे करारात लिहून घ्या. त्याचा नफा रोपांतच झालेला असतो, काढणीला तो फोन उचलेलच असं नाही.

अश्वगंधेचं तसं नाही. ती पाच-सहा महिन्यांत निघते आणि मध्य प्रदेशातल्या नीमच मंडीत तिची उघड खरेदी-विक्री चालते. तिथला भाव विचारूनच बियाणं घ्या.